डीव्हीडी नवी आहे म्हणून अडत नाही

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: डीव्हीडीचा फॉरमॅट बदललाय, म्हणून नव्या डिस्क जुन्या कॉम्प्युटरवर चालत नाहीत. सीडी चालते ना, मग ड्राइव्ह ठीकच आहे. कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) टाका, नाही जमलं तर रीजन बदलत राहा, आणि शेवटी कॉम्प्युटर बदला.

रीजनचा सल्ला यात सगळ्यांत घातक, म्हणून आधी तोच. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी ते ठरवणारा आकडा. भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १, युरोप आणि जपानचा २. सन २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये हा आकडा ड्राइव्हच्याच फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, साठतो आणि फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. विंडोज नव्याने टाकलं तरी मोजणी मागे जात नाही. मुलगा अमेरिकेतून डिस्क पाठवतो, ती लावायची म्हणून एकदा १, मग इथली लावायची म्हणून पुन्हा ५, असे चार बदल झाले की खेळ संपत आला. किती बदल उरलेत ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं, आधी तिथे बघा. आपल्याकडच्या हिंदी सिनेमांच्या बऱ्याच डिस्क सगळ्या रीजनसाठी खुल्या असतात. त्यामुळे बाहेरच्या डिस्क फक्त अमेरिकेच्याच असतील तर आकडा १ वर ठेवावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये.

आता फॉरमॅट. सिनेमाची डीव्हीडी १९९६ साली बाजारात आली तेव्हा होती तीच आजही आहे: ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर, एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं चित्र, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ पिक्सेल. काल दुकानात आलेली डिस्कही याच मापात बसवावी लागते, नाहीतर तिला डीव्हीडी-व्हिडिओ म्हणताच येत नाही. ब्लू-रे हे वेगळं प्रकरण आहे. तिला ४०५ नॅनोमीटरचा लेझर लागतो, साध्या ड्राइव्हला ती दिसणारच नाही. काही डब्यांत दोन्ही डिस्क असतात, तेव्हा कुठली उचलली ते पाहावं.

मेसेजमध्ये खरं असं थोडंसं सापडतं ते घरगुती डिस्कमध्ये. मुंजीचा किंवा लग्नाचा व्हिडिओ करणारे हल्ली एमपी४ फाइल थेट डिस्कवर टाकून देतात. ती डेटा डिस्क झाली, सिनेमाची डीव्हीडी नव्हे. ड्राइव्ह ती वाचतो, पण जुन्या प्लेअरला आतलं चित्र उलगडता येत नाही, किंवा प्रोसेसर दमतो आणि चित्र अडखळतं. ओळखायला सोपं आहे: डिस्क उघडल्यावर ‘व्हिडिओ_टीएस’ (VIDEO_TS) नावाचं फोल्डर दिसलं तर सिनेमाची, सुट्या फाइली दिसल्या तर डेटाची.

‘सीडी चालते म्हणजे ड्राइव्ह ठीक.’ नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर असतो, डीव्हीडीसाठी दुसरा. एक धडधाकट आणि दुसरा मरायला टेकलेला, असं सर्रास होतं. आणि ‘जुन्या डिस्क चालतात, नव्या नाही’ या तक्रारीचं उत्तरही बहुधा इथेच असतं. एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं, दोन थरांच्या डिस्कवर ८.५. दोन थरांच्या डिस्कवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे थकलेला लेझर आधी तिथेच हार मानतो. डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये आकार ४.३७ जीबीच्या वर दिसला (विंडोज ४.७ ला तेवढंच मोजतं) तर दोन थर आहेत असं समजा. अडणाऱ्या सगळ्या डिस्क त्याच निघाल्या, तर दोष फॉरमॅटवर ढकलू नका. आधी भिंगावरची धूळ काढून बघायला हरकत नाही, पण हलक्या हाताने.

कॉपी रोखण्यासाठी काही कंपन्या डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर (न वाचता येणारे तुकडे) ठेवतात, सोनीचं आर्कॉस त्यातलंच. टीव्हीखालचा प्लेअर त्या जागी जातच नाही. कॉम्प्युटरवरचा जुना प्लेअर मात्र तिथे जाऊन अडकतो. इथे इलाज प्लेअरची ताजी आवृत्ती घेणं, एवढाच.

कोडेक पॅक कुठल्याकुठल्या साइटवरून उतरवायचा सल्ला तर नकोच, त्यासोबत काय काय घरात येतं ते निस्तरणं जास्त महागात पडतं. विंडोज एक्सपीत एमपेग-२ चा डीकोडर (चित्र उलगडणारा भाग) नव्हताच, तो ड्राइव्हसोबतच्या सॉफ्टवेअरमधून यायचा. विंडोज ७ च्या होम प्रीमियममध्ये होता, ८ मध्ये काढून टाकला. म्हणून ७ वरून १० वर गेलेल्या बऱ्याच जणांची डीव्हीडी एका रात्रीत बंद पडली. पण ती नवी-जुनी सगळीच बंद पडली, हे लक्षात घ्या. व्हीएलसी या प्लेअरमध्ये स्वतःचा डीकोडर असतो आणि तो फुकट आहे. दुसरं काही टाकायची गरज नाही.

एक्सपीवर अजून काम करणारी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. वाचताना सहा चुका झाल्या की एक्सपी ड्राइव्हची जोडणी, म्हणजे आयडीई चॅनल, डीएमए या वेगवान पद्धतीवरून पीआयओ या संथ पद्धतीवर नेतं आणि परत आणत नाही. मग चित्र झटके घेतं, आवाज तुटतो. एखादी ओरखडलेली डिस्क लावल्याने हे होतं आणि त्यानंतर लावलेल्या चांगल्या डिस्कवर आळ येतो. डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.

राहिला कॉम्प्युटर बदलायचा सल्ला. नवा घ्यायला इंदूरच्या सिल्व्हर मॉलला जायच्या आधी कुणाकडून तरी यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह तासाभरासाठी मागून आणा आणि अडणारी डिस्क त्यात घाला. चालली, तर बदलायचा तो फक्त ड्राइव्ह. तिथेही नाही चालली, तर तीच डिस्क टीव्हीच्या प्लेअरवर लावून बघा. दोन्हीकडे अडली तर ती दुकानदाराकडे परत न्या, बिल घेऊन.