शेजारच्या फौजीचं घर

नमस्कार,

लेव्हिटाउनवरच्या, म्हणजे युद्धानंतर विल्यम लेव्हिट या बिल्डरने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वसवलेल्या घरांच्या वसाहतीवरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. उत्तर तिथल्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही १९७४ साली आठ डॉलर घेऊन न्यू जर्सीत उतरलात. तुमचं म्हणणं असं, की युद्धानंतरचा अमेरिकन मध्यमवर्ग सरकारने घडवला हे मी उगाच फुगवून लिहिलं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्जासाठी मदत देणाऱ्या जी. आय. बिल या कायद्यात वर्णाचा उल्लेखच नव्हता. घर कुणाला विकायचं हा बिल्डरचा खाजगी निर्णय होता. तुमच्या शेजारच्या वृद्ध गोऱ्या फौजीने स्वकष्टाने घर घेतलं, तुम्हीही घेतलंत, मग बाकीच्यांना का जमलं नाही? शिवाय तुम्ही माझी एक चूकही दाखवलीत.

आधी चूक. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खरेदीखतातल्या वांशिक अटींवर, म्हणजे हे घर कृष्णवर्णीयांना विकू नये अशा अटींवर, बंदी घातली, असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. सेंट लुईसच्या शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं ते इतकंच, की अशी अट कोर्टाकरवी पाळून घेता येणार नाही. अट लिहायला आणि आपापसात पाळायला मोकळीक राहिली. लेखात दुरुस्ती केली आहे. पण पुढचं पाहा. घरकर्जांना हमी देणाऱ्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेने अशा नव्या अटी असलेल्या घरांची हमी थांबवली ती फेब्रुवारी १९५० पासून. अट न लिहिता नुसता नकार देणाऱ्या बिल्डरला तर त्यानंतरही हमी मिळत राहिली. सरकारी हमीच्या घरांत भेदभाव नको, असा अध्यक्षीय आदेश केनेडींनी काढला तेव्हा १९६२ चा नोव्हेंबर उजाडला होता.

आता जी. आय. बिल. जून १९४४ च्या त्या कायद्यात काळा-गोरा हा शब्द नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. कृष्णवर्णीय सैनिकांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही असंही नाही. पुढे नागरी हक्कांचे नेते झालेले मेडगर एव्हर्स युद्धावरून परतले आणि अल्कॉर्न कॉलेजात शिकून १९५२ मध्ये पदवीधर झाले. पण घरकर्जाचा पैसा कोणत्या हातांतून यायचा? कर्ज गावातली बँक द्यायची, सरकार फक्त हमी द्यायचं. अर्जावर होय की नाही हे बँकेच्या टेबलामागचा माणूस ठरवायचा. ही रचना आपोआप झालेली नव्हती. अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधिगृहात हा कायदा पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जॉन रँकिन. कारभार स्थानिक हातांत राहावा यासाठी ते हटून बसले होते आणि तसं का हवं, हे त्यांनी फारसं लपवलंही नाही. त्यांच्याच राज्यातल्या १३ शहरांची १९४७ ची एक पाहणी आहे. हमी असलेली कर्जं ३,२२९. त्यातली कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली दोन. कायद्यात तो शब्द असता तरी आकडा याहून किती खाली गेला असता?

बिल्डरच्या खाजगी निर्णयाचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. स्वतः विल्यम लेव्हिट हेच सांगायचे. ते ज्यू होते. ज्यू म्हणून माझ्या मनात वंशद्वेषाला जागा नाही, पण एका कृष्णवर्णीय कुटुंबाला घर विकलं तर नव्वद-पंच्याण्णव टक्के गोरी गिऱ्हाइकं पाठ फिरवतील, असा त्यांचा हिशेब होता. पण लाँग आयलंडवर त्यांनी १९४७ ते १९५१ मध्ये सतरा हजारांवर घरं उभी केली, ती सरकारी हमीच्या जोरावर. आणि फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची १९३८ सालची हमी देण्याची नियमावली सांगत होती, की वस्ती स्थिर राहायची तर तिथे त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाचे लोक राहिले पाहिजेत. हे बाजाराचं मत नव्हतं, तो सरकारी कार्यालयाचा नियम होता. डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडजवळ १९४१ साली एका बिल्डरने गोऱ्यांसाठी घरं बांधायला काढली, तर जागा कृष्णवर्णीय वस्तीला लागून आहे म्हणून हमी नाकारली गेली. त्याने मध्ये सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली. हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे. माझ्या मूळ लेखात ती यायला हवी होती.

तुमच्या शेजाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. मात्र १९३० च्या आधी घर घ्यायचं तर बहुतेकदा निम्मी रक्कम आधी मोजावी लागे आणि उरलेली चार-पाच वर्षांत. युद्धानंतर माजी सैनिकाला हातात काही नसताना लांब मुदतीच्या हप्त्यांवर घर मिळू लागलं. १९४९ मध्ये लेव्हिटाउनचं घर ७,९९० डॉलरला होतं. स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबं १९४० मध्ये ४४ टक्के होती, १९६० मध्ये ६२ टक्के झाली. त्या घरांच्या किमती चढत गेल्या, त्यावर मुलांची शिक्षणं झाली, नातवंडांना वारसा मिळाला.

बिल मायर्सही दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, पण कृष्णवर्णीय. ऑगस्ट १९५७ मध्ये ते, पत्नी डेझी आणि तीन मुलं पेनसिल्व्हेनियातल्या, लेव्हिट यांच्याच दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये राहायला आली. घर त्यांनी आधीच्या मालकाकडून रीतसर विकत घेतलं होतं. रात्री शेकडोंचा जमाव दारासमोर जमू लागला, दगडांनी खिडक्या फुटल्या, गव्हर्नरना राज्य पोलीस पाठवावे लागले. सगळ्यात धाकटं मूल तान्हं होतं. ‘बाकीच्यांना का जमलं नाही’ हे वाक्य मी वाचलं तेव्हा मला तेच घर आठवलं.

राहता राहिले तुमचे कष्ट. माझी आत्याही त्याच सुमाराला तिकडे गेली. दुकानात उभं राहून केलेल्या नोकऱ्या, पै-पै साठवणं हे मी तिच्या तोंडून ऐकलंय, तेव्हा ते कमी लेखायची माझी हिंमत नाही. पण तुम्हाला आत येऊ देणारा कायदा १९६५ चा, आणि वंश पाहून घर नाकारणं देशभर बेकायदा ठरवणारा १९६८ चा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात सही झालेला. तुमच्याच न्यू जर्सीत १९५८ साली लेव्हिट यांनी नवी वसाहत फक्त गोऱ्यांसाठी असेल असं जाहीर केलं होतं. तो नकार मोडला कृष्णवर्णीय ग्राहकांनी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून, १९६० मध्ये. तुम्ही घर बघायला गेलात तेव्हा दलालाने तुम्हाला दारातूनच परत पाठवलं नाही, यात त्यांच्या भांडणाचा वाटा आहे.

एक विनंती. तुमचे शेजारी अजून बोलतात, आठवणी सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना विचाराल का, की पहिल्या दिवशी त्यांनी किती डॉलर भरले आणि महिन्याचा हप्ता किती होता? आणि त्यांच्या तुकडीतले कृष्णवर्णीय सोबती परतल्यावर कुठे राहायला गेले? ते जे सांगतील ते, माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध असलं तरी, तुमच्या शब्दांत इथे छापायला मला आवडेल.