लायसन्स माणसाचं, मशीनचं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अनामिक,

अ‍ॅक्रोबॅटच्या (अडोबीचं पीडीएफ बनवायचं-बदलायचं सॉफ्टवेअर) लायसन्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "लायसन्स माणसाचं असतं, मशीनचं नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. लेखकाला कळलं असतं तर निम्मा लेख लिहावाच लागला नसता. होस्ट्स फाइल, घड्याळ हे सगळं जुनं झालं. फीचर रिस्ट्रिक्टेड लायसन्सचा उल्लेखही नाही. स्क्रीनशॉट मोबाइलवर दिसत नाहीत."

स्क्रीनशॉट बारीक आहेत, मान्य. मोठे करून टाकतो.

आता ते शाळकरी पोर. नेम्ड युजर लायसन्स ईमेल आयडीला जोडलेलं असतं आणि एक आयडी एका वेळी दोनच मशीनवर साइन इन राहू शकतो, हे लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय. तुम्ही तिथवर पोचलात की शीर्षक वाचूनच कीबोर्ड ओढलात, माहीत नाही. चूक दाखवा, जरूर दाखवा. पण नाव न लावता पोराटोरांचे दाखले द्यायचे, ही कुठली रीत?

मी या कामात आलो तेव्हा अ‍ॅक्रोबॅट सीडीवर यायचं. कंपनीला सगळ्या मशीनसाठी एकच व्हॉल्यूम सिरियल नंबर मिळायचा, तो अडोबीच्या कस्टमायझेशन विझार्डमध्ये टाकून ट्रान्सफॉर्म फाइल (इन्स्टॉलच्या सेटिंग्जची फाइल) बनवायची आणि रात्रीत सगळ्या मशीनवर ढकलायची. सकाळी लोक यायचे, पीडीएफ उघडायचे, कुणाला पत्ताही लागायचा नाही. त्या दिवसांपासून हेच करतोय, त्यामुळे लायसन्स कुणाचं असतं हे मला शिकवू नका.

तुमचं वाक्य पुस्तकात बरोबर आहे. चाकणच्या एका कारखान्याच्या डिस्पॅच ऑफिसात घेऊन या. तिथे एका पीसीवर तीन पाळ्या बसतात, विंडोजचं लॉगिन एकच, 'डिस्पॅच'. लायसन्स घेताना मालकांनी हिशेब केला: मशीनं मोजायची कशाला, एक सामाईक मेल आयडी काढू आणि सगळीकडे तोच टाकू. मी नको म्हणालो होतो. झालं काय? स्टोअरने तिसऱ्या मशीनवर साइन इन केलं की पडदा विचारतो, आधीच्या कुठल्या मशीनवरून साइन आउट करू? माणूस घाईत, पहिलं नाव दिसेल त्यावर टिचकी मारतो. इकडे डिस्पॅचवाल्याचं ड्रॉइंगवर शिक्के मारणं अर्ध्यात थांबतं आणि फोन मला येतो: "साहेब, एडिट गेलं." ६४-बिट आवृत्तीत रीडर (फक्त पीडीएफ वाचायचा प्रोग्राम) आणि अ‍ॅक्रोबॅट एकच प्रोग्राम असल्यामुळे लायसन्स सुटलं तरी खिडकी तीच दिसते, फक्त रीडर होऊन बसते. त्यामुळे लोकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं, आणि ते पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. आता सांगा, हे शाळकरी पोराला कळतं का? सामाईक मशीनसाठीचं शेअर्ड डिव्हाइस लायसन्स आहे म्हणाल, तर ते शिक्षणसंस्थांच्या लॅबसाठी आहे, कारखान्यासाठी नाही. शेवटी माणशी आयडी काढले आणि विंडोजचं लॉगिनही माणशी केलं, तेव्हा फोन थांबले. (म्हणजे तुमचंच खरं ठरलं, असं म्हणायची घाई करू नका. मालकांना पटवायला कोण बसलं होतं?)

'जुनं झालं' याबद्दल थोडक्यात. साइन इन अडण्याची ही दोन कारणं मी लेखात दिली होती. होस्ट्स फाइल, म्हणजे कुठल्या नावाचा सर्व्हर कुठल्या पत्त्यावर आहे हे मशीनला सांगणारी यादी, उघडून बघितलीत का कधी? त्याच ऑफिसातल्या एका पीसीवर साइन इनची खिडकी नुसती फिरत राहायची. फायरवॉल तपासली, प्रॉक्सी तपासला. मग विंडोजच्या 'ड्रायव्हर्स', त्याच्या आत 'ईटीसी', आणि तिथे होस्ट्समध्ये अडोबीच्या सर्व्हरच्या नावांची रांग, प्रत्येकापुढे १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता. आधीच्या कुणीतरी चोरीचं फोटोशॉप टाकलं होतं, ते काढलं, या ओळी तशाच राहिल्या. आता कंपनी पैसे भरतेय आणि तिचं स्वतःचंच मशीन सर्व्हरला दारातून परत पाठवतंय. घड्याळाचंही तेच. मदरबोर्डवरची बटन सेल संपली की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते, सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र मशीनला चुकीचं वाटतं आणि साइन इन होत नाही. सेल किराणा दुकानातही मिळते. जुनं असेल, पण अजून घडतं. अ‍ॅक्रोबॅट २०१७ चा सपोर्ट जून २०२२ मध्ये संपला, तरी ते अजून चालवणारी ऑफिसं मी बघतो, तिथे जुनं-नवं कुणाला सांगता?

फीचर रिस्ट्रिक्टेड लायसन्स इंटरनेट तोडलेल्या जागांसाठी असतं. तो वेगळा विषय आहे, त्यात मी आत्ता शिरत नाही. शिरलो असतो तर लेख लांबला म्हणून तुम्हीच ओरडला असता.

प्रतिक्रिया उडवलेली नाही. पुढच्या वेळी मशीनवरच्या टेम्प फोल्डरातला एनजीएलचा (अडोबीच्या लायसन्स तपासणाऱ्या भागाचा) लॉग घेऊन या, त्यातल्या ओळींवर बोलू.