गोळी सुरू केली की दूध तोडावं लागतं, हे कुणी सांगितलं?

मावशीने घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड धाकट्या बहिणीने वाचला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडची वेळ रद्द केली. बाळ अडीच महिन्यांचं आहे. ते झोपलं तरी ही टक्क जागी, आणि दिवेलागणीला रोज रडू. ती वेळ घ्यायलाच तिने तीन आठवडे घेतले होते.

फॉरवर्ड म्हणतो: बाळंतिणीचं डिप्रेशन हे शहरातल्या मोबाइलवाल्या मुलींचं खूळ, आज्यांना आठ-आठ मुलं होऊनही काही झालं नाही. डॉक्टरकडे गेलात की गोळ्या जन्माच्या मागे लागतात, अंगावरचं तोडावं लागतं आणि उद्या त्याच कागदांवर मूल हिरावून घेतात. शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू पुरेत.

आधी दुधाचं, कारण बहीण तिथेच अडली. "ताई, मग त्याला पावडर द्यायची का?" एवढंच तिने विचारलं. नाही द्यायची. मुळात प्रत्येकीला गोळी लागत नाही. त्रास सौम्य असेल तर समुपदेशनानेही उतार पडतो. लागलीच, तर पाजणाऱ्या आईला बहुतेकदा सर्ट्रालीनसारखं औषध देतात. ते दुधात अगदी थोडं उतरतं. आपण पाजतोय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, ते त्याप्रमाणे औषध निवडतात. जन्मभराचंही खोटं: बहुतेकींचं औषध काही महिन्यांनी हळूहळू बंद होतं. उपचाराविना कुढत बसलेल्या आईचं काय होतं, हे मात्र फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

शहरी खूळ? मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या सरकारी इस्पितळात येणाऱ्या बायकांची पाहणी केली, ती 2002 साली छापून आली. स्मार्टफोन तेव्हा कुणाकडे होता? बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य होतं. त्यातल्या 78 टक्के जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या, आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. कारणं निघाली गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगाच हवा हा हट्ट. आज्यांना काही झालं नाही असं नाही, त्यांना कुणी विचारलं नाही.

कागदांचं: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायची आहे. आईला दाखल करावं लागलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून तोडायचं नाही, हेही त्यात आहे.

लाडवांचं थोडं खरं आहे, मानते. पहिल्या दहा-पंधरा दिवसांतलं रडू पुष्कळदा झोप, आयतं ताट आणि मायेच्या हाताने ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही तसंच असेल तर दाखवायचं. कानात आवाज येत असतील, स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटत असेल, तर वेळबीळ न घेता त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

बहिणीला गुरुवारी अकराची वेळ मिळाली आहे. बाळाला घेऊन मी बाहेर बाकावर बसेन. भूक लागली तर ती आतच पाजेल, दवाखान्यात विचारून ठेवलंय.