सुकटीवर ज्वालामुखीचा आळ

"सर, हे बोंबील ज्वालामुखीचे हायत म्हणते मोबाइलवर. पारा असते म्हणते यात. खरं हाय का जी?" भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या आठवडी बाजारात परवा सुकटवाल्या मावशीनं विचारलं. दुपार टळली तरी पोत्यावरची रास हलली नव्हती.

तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवरून आलाय: समुद्राखाली ज्वालामुखी फुटताहेत, सगळ्या समुद्री माशांत पारा भरलाय, सुकट-बोंबील बंद करा, तळ्यातलेच मासे खा.

फुटतात हे खरं. पण ते आजचं नाही, माणूस नव्हता तेव्हापासून चाललंय.

"माशांत धातू वाढतात" यातही तथ्य आहे, म्हणून तर मेसेज पटतो. ऑक्टोबर २०११ मध्ये स्पेनच्या एल हिएरो बेटाजवळ समुद्रतळ फुटला. मासे मेले, मासेमारी थांबली. तिथल्या सागरी प्राण्यांत धातू वाढल्याचं संशोधकांना आढळलं. पण ते त्या बेटाभोवतीचं.

"सगळ्या समुद्रात" इथं गाडी घसरते. खोल तळाच्या उष्ण झऱ्यांतून ४०० अंशांपर्यंत तापलेलं पाणी निघतं, त्यात लोखंड, तांबं, जस्त विरघळलेलं. दोन अंशांच्या पाण्याला भिडलं की त्याचा काळा धूर होतो आणि बराचसा गाळ जवळच बसतो, पाक निवल्यावर साखर बसते तसा. तिथल्या शिंपल्यांच्या अंगात धातू असतोच. हिंदी महासागरातल्या एका गोगलगायीचे तर खवलेच लोहाच्या सल्फाइडचे! पण ती राहते अडीच-पावणेतीन किलोमीटर खोल. आपला बोंबील येतो मुंबई-गुजरातच्या उथळ किनाऱ्यावरून. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी बॅरन बेटावर, तोही पलीकडे अंदमानात.

राहिला पारा. लहान माशाला मोठा खातो, त्याला आणखी मोठा, तसतसा पारा साठत जातो. म्हणून शार्क, तलवार मासा यांच्यात जास्त. बोटभरही नसलेला सुकटीतला जवळा या साखळीच्या तळाशी. आणि माणूस हवेत जो पारा सोडतो, त्यात सोन्याच्या छोट्या खाणींखालोखाल वाटा आहे कोळसा जाळण्याचा. चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या पाहणाऱ्यांनी समुद्राकडे बोट दाखवावं, ही गंमतच. गोड्या पाण्याच्या गाळातही जिवाणू पाऱ्याचं विषारी रूप घडवतात. तेव्हा ज्वालामुखी नाही म्हणून तळं आपोआप शुद्ध ठरत नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावातला मासा मी आवडीनं खातो, पण ते कारण नव्हे.

मावशीला एवढंच म्हटलं, "वाळू असंल तं सांग, ज्वालामुखी नाही." दोन मापं घेतली. वाळू निघालीच, तीन पाण्यांनी धुवावी लागली.