पिकअपच्या इंजिनाच्या रिव्ह्यूवर गॅरेजमालकाचं उत्तर

दादा नमस्कार. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की चार दिवस सांगून नऊ लावले, बसवलेलं इंजिन परत खोललं, बिल वाढवायचे धंदे. नऊ लागले हे खरंय. ऐन द्राक्षाच्या सीझनमधे गाडी उभी म्हणजे काय ते कळतं आम्हाला, आणि त्यात तुमचे दोन फोन उचलले गेले नाहीत, ती चूक आमचीच, सॉरी. पण परत का खोललं ते सांगतो.

गाडी आली तेव्हा कसारा घाट चढला की आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ऑईल प्रेशरची लाईट लुकलुकत होती आणि कुणीतरी इलाज म्हणून जाड ऑईल भरून दिलेलं. इंजिनाखालचा ऑईलचा चेंबर काढला तर ऑईल ओढायच्या स्ट्रेनरच्या जाळीत सिलिकॉनचे (सांधे बंद करायच्या पेस्टचे) तुकडे, आणि बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) बेअरिंगांना वरचा थर घासून आतलं तांबं दिसायला लागलेलं.

क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) अंबडच्या वर्कशॉपला ग्राइंडिंगला दिला, पुढच्या साइजची बेअरिंग आणली. आता नवीन बेअरिंग म्हणजे क्लिअरन्स (बेअरिंग आणि क्रँकमधली ऑईलची फट) बरोबरच असं बरेच जण धरून चालतात, आम्ही नाही धरत. जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमधे फिरणारा गुळगुळीत भाग) प्लास्टिगेजचा, म्हणजे दाबला की चपटा होणारा मऊ दोरा ठेवायचा, बेअरिंगची कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायची, क्रँक जरासुद्धा हलवायचा नाही, मग खोलून दोरा किती चपटा झाला ते पट्टीवर बघायचं, जितका चपटा तितकी फट कमी. ५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमी असा मोटा हिशोब, बाकी मॅन्युअल सांगेल ते. तुमच्या तीन नंबर मेन जर्नलवर दोरा एका टोकाला चांगला पसरलेला आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम दबलेला, म्हणजे जर्नलच निमुळता घासून आलेला. क्रँक परत अंबडला, दोन दिवस गेले. त्याचा रुपया तुमच्या बिलात नाही, बिल काढून बघा.

शनिवारी तुम्ही जे 'बसलेलं' इंजिन बघितलं ते त्यानंतरचं. ऑईल पंप बसवून क्रँक हातानं फिरवला तर दर फेरीत एकाच जागी जड लागत होता. पंप क्रँकच्या नाकावरच चालतो, तो जरा जरी सेंटर सोडून बसला तर त्याच्या आतला फिरणारा रोटर एका अंगाला दाबला जातो. कव्हर काढून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला, एका बाजूला ०.०५ ची पाती पण जाईना आणि समोरच्या बाजूला ढिला. डॉवेलच्या (पंप जागेवर धरणारी पिन) भोकाच्या काठावर बारीकसा बर (धातूचा उंचवटा) होता, नखाला लागेल एवढाच, त्यानं पंप नीट टेकतच नव्हता. ऑईलस्टोननं घासला, परत बसवला, क्रँक फिरवत फिरवत बोल्ट थोडे थोडे आवळले. तसंच चालू केलं असतं तर रोटरनं बॉडी खाल्ली असती, महिन्यात लाईट परत लुकलुकली असती आणि तेव्हा एक स्टार पण जास्तच वाटला असता तुम्हाला.

डिलिव्हरीच्या दिवशी गरम इंजिनावर गेज लावून आयडलचं प्रेशर तुमच्या मुलाला दाखवलंय, विचारा त्याला. जुनी बेअरिंगं गाडीचा नंबर टाकून पिशवीत ठेवलीत, घेऊन जा. आणि १००० किमीला ऑईल-फिल्टर बदलायला आणा, मजुरी घेणार नाही.