सीएनजी पिकअपची पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका

गेले काही दिवस आपल्याकडच्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "सीएनजी गाडीत पेट्रोलची टाकी कोरडीच ठेवा, इथेनॉलने टाकी सडते. गॅसवर झटके मारत असेल तर गॅसचे इंजेक्टर बदला. घाटात ओढत नसेल तर रेग्युलेटरचा स्क्रू फिरवा. रात्री भरलेला गॅस सकाळी कमी दिसला म्हणजे सिलिंडर गळतोय. सिलिंडरची टेस्ट हा नुसता खर्च, गंज दिसला तर रंग मारा." रत्नागिरीत माझं गॅरेज आहे आणि निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मासळी नि आंब्याची वाहतूक करणारं. या मेसेजमधला पहिला सल्ला गाडी बंद पाडतो आणि शेवटचा जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहितोय.

आधी टाकीचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बऱ्याच पिकअप दोन महिने ताडपत्रीखाली उभ्या राहतात. ऑगस्ट उजाडला की एकेक गाडी टोचन करून गॅरेजला येते. मागच्या मोसमात असाच एक पोरगा आला. "काका, गॅस फुल्ल आहे, तरी सुरूच होत नाय. पेट्रोलचा काय संबंध?" मी त्याला किल्ली फक्त ऑन करायला सांगितली आणि टाकीपाशी कान लावला. पेट्रोलचा पंप दोनेक सेकंद बारीक घुंई करतो, तो आवाजच नाही. टाकी उतरवली तर तळाला अर्धा कप गढूळ पाणी, पंपाची जाळी तपकिरी चिकट्याने चोक आणि पंप जाम.

संबंध असा आहे. सिलिंडरात गॅस २०० बारच्या आसपास दाबाने असतो. रेग्युलेटरमध्ये तो दाब एकदम उतरतो तेव्हा गॅस कडक गार होतो, म्हणून इंजिनचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, रेग्युलेटरमधून फिरवलेलं असतं. सकाळी इंजिनच गार, मग ऊब कुठून येणार? म्हणून बहुतेक जुन्या गॅस किटमध्ये गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जाते. दुसरी गोष्ट, पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो. त्याला गार ठेवणारं आणि वंगण देणारं तेच पेट्रोल. कित्येक किटमध्ये गॅसवर गेल्यावर फक्त पेट्रोलचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे नोझल, बंद होतात, पंप चालूच राहतो. टाकी कोरडी असली तर तो कोरडाच फिरतो आणि जळतो.

मेसेजमधलं एक खरं आहे: इथेनॉल पाणी ओढतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि पाणी हद्दीबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, पंपाची जाळी तिथेच असते. पण त्यावर उपाय टाकी रिकामी ठेवणं हा नव्हे. रिकाम्या टाकीत हवा जास्त, आणि आपली पावसाळ्यातली हवा म्हणजे ओलं फडकं. निम्म्याच्या वर पेट्रोल ठेवा आणि ते जाळा. आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा म्हणजे टाकीत जुनं साचत नाही. काही छोट्या पिकअपमध्ये टाकीच पाच लिटरची असते, तिथे तर हे अगदीच सोपं. शंका असेल तर तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पंधरा मिनिटं हलवू नका. पाणी सुटलेलं असेल तर खाली वेगळा थर पडतो, मधली रेघ डोळ्याने दिसते. हे विडी-काडी, चुलीपासून लांब, उघड्यावर करा.

झटक्यांचं म्हणाल, तर इंजेक्टरला हात लावण्याआधी गॅस-पेट्रोलचा स्विच पेट्रोलवर टाका आणि तोच चढ पुन्हा चढून बघा. दोन्हीवर मिसिंग, म्हणजे झटके, असेल तर दोष दोन्हींना सामाईक जागी: प्लग, कॉइल, एअर फिल्टर. फक्त पेट्रोलवर असेल तर पंप, फिल्टर, पेट्रोलचे इंजेक्टर. फक्त गॅसवर असेल तरीही मी आधी प्लग काढतो, कारण गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते आणि दमलेला प्लग पहिल्यांदा गॅसवरच उघडा पडतो. त्यानंतर गॅसचा फिल्टर. आणि बॉनेट उघडून रेग्युलेटरकडे बघा. इंजिन तापलेलं असून रेग्युलेटर गारठलेला, वर पांढरं दव गोठलेलं दिसलं, तर कूलंट कमी आहे किंवा होजमध्ये एअर धरलीय. इंजिन गार झाल्यावरच कूलंट भरा. कित्येकदा काम तेवढ्यावर भागतं, आणि लोक मात्र हजारो रुपयांचे इंजेक्टर बदलून बसलेले असतात.

परशुराम घाटात भरलेली गाडी गॅसवर थोडी मंद चढणारच. गॅस हवेची जागा खातो, ताकद साधारण दहाएक टक्के कमी मिळते. तो बिघाड नव्हे. खालचा गिअर टाका, नाहीतर चढापुरती पेट्रोलवर घ्या. रेग्युलेटरचा स्क्रू रस्त्यात पान्याने फिरवायची वस्तू नाही.

गॅस किती उरला ते दाखवणारे दिवे रात्री चारही, सकाळी तीन, याचं कारण बहुतेकदा साधं: भरताना गॅस तापतो, रात्रीत निवतो, दाब उतरतो. वास येत असेल तर मात्र सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून साबणाच्या पाण्याने सांधे तपासा. काडी ओढून कधीही नाही.

आता सिलिंडर. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो आणि खारं पाणी हौद्याच्या फटींतून दिवसभर खाली ठिबकतं. सिलिंडर बसवलेला असतो नेमका तिथेच. त्याला आवळणाऱ्या पट्ट्याखाली रबर असतं, ते पाणी धरून ठेवतं. वरून रंग चकचकीत, आणि पट्टा सैल केला की खाली खपल्या निघतात. हे मी स्वतःच्या नखाने काढून बघितलंय. रंगाने गंज फक्त झाकला जातो, पत्रा पातळ व्हायचा थांबत नाही. दर तीन वर्षांनी होणारी हायड्रोटेस्ट ही वापरातल्या दाबाहून बऱ्याच जास्त दाबाने, पाणी भरून घेतात. कमजोर सिलिंडर तिथे कळतो, तुमच्या पाठीमागे फाटत नाही. तपासणीची तारीख गॅस भरायच्या व्हॉल्व्हजवळच्या प्लेटवर असते. रोज खेप झाली की हौदा गोड्या पाण्याने धुवा, खाली सिलिंडरवरही पाणी मारा. तारीख उलटली असेल तर पुढची खेप भरण्याआधी गाडी मान्यताप्राप्त टेस्ट सेंटरला न्या, पट्टा तुमच्यासमोर सोडायला सांगा आणि स्वतः वाकून बघा.