पॅराबेन आणि कर्करोग: त्या मेसेजमधला एकेक दावा

सध्या घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'डबीवर पॅराबेन लिहिलं असेल तर ती आजच फेका. त्याने स्तनाचा कर्करोग होतो, युरोपात त्यावर बंदी आहे. घरी केलेली क्रीमच वापरा.' पॅराबेन म्हणजे क्रीम, काजळ वगैरे खराब होऊ नये म्हणून त्यात घालतात तो टिकवणारा पदार्थ. घाबरून चांगल्या डब्या फेकल्या जाताहेत, म्हणून हे लिहितोय.

कर्करोगाचा दावा येतो २००४ सालच्या एका अभ्यासातून. ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातल्या फिलिपा डार्ब्र आणि सहकाऱ्यांनी स्तनातल्या २० गाठी तपासल्या, त्यांत पॅराबेन सापडलं. पण निरोगी ऊतींत ते किती असतं, हे तपासलंच नव्हतं. मग गाठ त्यामुळेच झाली, हे कशावरून? 'पॅराबेनने कर्करोग होतो असं आम्ही म्हटलेलंच नाही,' असा खुलासा पुढे खुद्द संशोधकांनी केला. मेसेजमध्ये तो नाही. पॅराबेन इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं हे खरं, पण त्याचा जोर शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या हजारो पटींनी कमी.

युरोपात सरसकट बंदी नाही. २०१४ मध्ये आयसोप्रोपिल, आयसोब्युटिलसह पाच प्रकार बंद झाले. मिथाइल आणि इथाइल प्रत्येकी ०.४ टक्क्यापर्यंत आजही चालतात. प्रोपिल आणि ब्युटिल मात्र तीन वर्षांखालच्या बाळांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये चालत नाहीत. घरात तान्हं बाळ असेल तर एवढं लेबल जरूर वाचा.

घरच्या क्रीमचा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. कोरफडीचा गर काढून बाटलीत भरला, रोज ओली बोटं त्यात बुडवली, की पावसाळ्यात चार दिवसांत कडेला बुरशीचे काळे ठिपके दिसतात. जिवाणू तर दिसतही नाहीत. स्यूडोमोनससारखा जिवाणू काजळातून किंवा आयलायनरमधून डोळ्यात गेला तर नजरेवर बेतू शकतं. पाणी असलेल्या क्रीममध्ये हेच रोखायला पॅराबेन घालतात.

उरलं 'पॅराबेन-फ्री'. या भीतीपोटी अनेक कंपन्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन या दुसऱ्या टिकवणाऱ्या पदार्थाकडे वळल्या आणि त्याची ॲलर्जी इतकी वाढली की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' (ॲलर्जी करणारा पदार्थ) ठरवलं. युरोपने २०१७ मध्ये लावून ठेवायच्या क्रीममधून ते काढायला लावलं. त्याच सोसायटीने २०१९ साली पॅराबेनला 'ॲलर्जन नसलेला' म्हणून निवडलं! नव्या क्रीमने चेहऱ्यावर पुरळ उठत असेल तर डबीवर आधी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नाव शोधा, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना डबी सोबत न्या.